एका वाड्यात दोन बिऱ्हाडं: जुन्या लॅपटॉपवर विंडोजही, लिनक्सही



काही दिवसांपूर्वी शाळा सुटताना नववीतल्या एका मुलीचे बाबा फाटकाशी थांबले होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग. म्हणाले, "बाई, हा आता बाद झाला म्हणतात. तुम्ही एकदा बघता का?" लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन वर्गासाठी त्यांनी तो सेकंडहॅन्ड घेतला होता. आता पडद्यावर सारखा संदेश येतो की विंडोज १० चा सपोर्ट संपला. एका दुकानात नेला तर दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल दिला: यावर विंडोज ११ चढत नाही, नवीन घ्या, पंचेचाळीसपर्यंत चांगला मिळेल. "पंचेचाळीस हजार कुठून आणू, बाई? पुढच्या वर्षी हिची दहावी आहे."

मी तिथेच कट्ट्यावर बसून लॅपटॉप सुरू केला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मागच्या वर्षी बसवून घेतलेली २५६ जीबीची एसएसडी. की-बोर्डची दोन बटणं घासलेली, बाकी मशीन उत्तम. म्हणजे वस्तू चांगली आहे, चालते आहे, आणि तरी ती बाद. माझ्या आईने अशा वस्तूला कधी बाद म्हटलं नसतं.

आधी काय झालंय ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच पालकांचा समज असा आहे की लॅपटॉप आता बंदच पडणार. तसं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत. लॅपटॉप त्यानंतरही चालेल. फक्त नव्याने सापडलेल्या भगदाडांना ठिगळ लावणारं कोणी नसेल. विंडोज ११ का चढत नाही, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडे घराघरांत आणि शाळाशाळांत जे लॅपटॉप आहेत, त्यातले कितीतरी या रेषेच्या अलीकडचे.

यावर माझ्या ओळखीतल्या संगणक जाणणाऱ्यांची दोन मतं आहेत. एक गट म्हणतो नवीन घ्या. दुसरा म्हणतो, विंडोज पुसून टाका आणि लिनक्स घाला, फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी, जुन्या मशीनवर पळतं. मी दोन्ही ऐकते आणि दोघांशीही माझं पटत नाही. माझं मत असं की शिक्षकाच्या आणि मध्यमवर्गीय पालकाच्या घरात जुन्या लॅपटॉपवर दोन्ही ठेवावं. विंडोज जागेवर राहू द्यायचं, शेजारी भिंत घालून लिनक्सला जागा द्यायची, आणि लॅपटॉप सुरू करताना कुठे जायचं ते विचारणारी पाटी लावायची. याला ड्युअल बूट म्हणतात. मी वर्गात सांगताना 'एका वाड्यात दोन बिऱ्हाडं' म्हणते. पेठेतली मुलं हसतात, कारण त्यांच्या आजी-आजोबांनी वाड्यातली बिऱ्हाडं पाहिलेली असतात: जिना एक, नळ एक, स्वयंपाकघरं वेगळी.

आणि माझं दुसरं मत, जे मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं: हे काम दुकानात देऊ नये. घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून करावं.

पुसून का टाकायचं नाही, ते आधी. त्या बाबांचंच उदाहरण घ्या. दिवसा ते नोकरी करतात आणि संध्याकाळी घरी लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देतात. सगळं काम श्री-लिपीत. मी विचारलं, "विंडोज काढलं तर?" त्यांचा चेहराच उतरला. महिन्याची वरकमाई त्या फाइलींवर आहे.

आपल्या शिक्षकांचंही वेगळं नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण मराठी प्रश्नपत्रिका, वार्षिक नियोजन, स्नेहसंमेलनाच्या संहिता ज्या फॉन्टमध्ये टाइप केल्या ते श्री-लिपी, कृतिदेव वगैरे जुन्या पद्धतीचे फॉन्ट होते. त्यात गंमत अशी की फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये आपल्याला 'क' दिसतो, पण आतमध्ये असतो छोटा 'डी'. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो आणि पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसायला लागतात. दुसऱ्या शाळेतून आलेली प्रश्नपत्रिका उघडल्यावर हा अनुभव कोणी घेतला नाही? फॉन्टची फाइल लिनक्समध्ये नेऊन वाचण्यापुरतं कधी कधी भागतं, पण टाइप करण्याचं मूळ सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. म्हणून या फाइली आहेत तोवर विंडोज हवं.

आता एक गोष्ट सांगते जी कळल्यावर मला फार मजा वाटली होती. श्री-लिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनी पुण्याची. लिनक्स घातलेल्या संगणकावर मराठी दिसण्यासाठी वर्षानुवर्षं जे फॉन्ट येत आले त्यांचं नाव लोहित. ते रेड हॅट कंपनीने मोफत खुले केले, म्हणून नावही लोहित, म्हणजे लाल. आणि हे लोहित फॉन्ट मुळात रेड हॅटला पुरवले कोणी? याच मॉड्युलर इन्फोटेकने. म्हणजे ज्या फॉन्टमुळे आपण विंडोजला बांधलेले आहोत आणि ज्या फॉन्टमुळे लिनक्सवर मराठी वाचता आली, ते दोन्ही एकाच पुणेरी घरातून निघालेले. फरक इतकाच की लोहित युनिकोडमध्ये आहे. तिथे 'क' हा आतूनही 'क'च असतो, मग फाइल कुठेही न्या. माझं म्हणणं म्हणून असं आहे: जुनं काम विंडोजच्या बिऱ्हाडात राहू दे, नवं काम लिनक्सच्या बिऱ्हाडात युनिकोडमध्ये सुरू करा. एका रात्रीत घर बदलायची गरज नाही.

पुसू नका असं मी इतक्या ठामपणे सांगते त्याला आणखी एक कारण आहे. ते सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते.

२०२२ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंचा लॅपटॉप मी घरी आणला होता. फार हळू चालायचा. मी नुकतीच तीन-चार जणांना लिनक्स घालून दिलं होतं आणि हात सरसावले होते. बाईंना विचारलं, "बॅकअप घेतलाय ना?" त्या म्हणाल्या, "हो गं, पेन ड्राइव्हवर सगळं घेतलंय." मी पेन ड्राइव्ह लावून पाहिला, फोल्डरांची नावं दिसली, समाधान झालं. इन्स्टॉल करताना नेहमी येणारा 'विंडोजच्या शेजारी घाला' हा पर्याय त्या दिवशी दिसलाच नाही. (नंतर कळलं की त्या डिस्कवर आधीच चार प्रायमरी पार्टिशन होती आणि जुन्या एमबीआर पद्धतीत त्याहून जास्त करता येत नाहीत.) थांबायला हवं होतं. मी विचार केला, बॅकअप तर आहे, आणि 'पूर्ण डिस्क पुसून घाला' निवडलं.

संध्याकाळी पेन ड्राइव्हवरचं सगळं परत टाकायला घेतलं. प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्यात छोटासा बाण. आकार एक केबी, दोन केबी. बाईंनी डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कॉपी केले होते, फाइली नाहीत. घराऐवजी घराचा पत्ता. अकरा वर्षांच्या शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, स्वतः तयार केलेल्या, मी पुसून टाकल्या होत्या.

त्या रात्री झोप लागली नाही. नशिबाने जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर दोन दिवस चालवून तीनशेच्या आसपास फाइली मिळाल्या. पण ते सॉफ्टवेअर फाइल परत देतं, नाव देत नाही. सगळ्यांची नावं नुसते आकडे. आम्ही दोघी जूनपर्यंत रोज संध्याकाळी बसून एकेक फाइल उघडत होतो आणि तिला नाव देत होतो. गणिताच्या मिळाल्या, बुद्धिमत्तेच्या बऱ्याचशा गेल्या. बाई एकदाही रागावल्या नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास झाला. आजच्या एसएसडीवर हेच केलं असतं तर बहुधा काहीच मिळालं नसतं, कारण एसएसडी पुसलेली जागा स्वतःहून साफ करून ठेवते.

तेव्हापासून माझा नियम: बॅकअप घेतला असं कोणी सांगितलं तर तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघायचा. यादी नाही बघायची, फाइल उघडायची. दहा तरी.

तर आता प्रत्यक्ष काम. मी लिनक्स मिंट घालते, कारण खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू अशी त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्यांना परकी वाटत नाही. रॅम चारच जीबी असेल तर त्याचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे आपली नववीतली मुलगी कॉलेजात जाईपर्यंत काळजी नाही.

पहिल्या दिवशी काहीही घालू नका. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट तयार करा (विंडोजवर रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर हे काम करतं) आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. त्यासाठी सुरू होताना एक की दाबायची असते; बऱ्याच डेल आणि लेनोवोवर एफ-१२, एचपीवर एफ-९. डिस्कला हात न लावता लिनक्स नुसतं चालून दाखवतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का हे मुलांकडून तपासून घ्या. आठवडाभर असंच वापरा हवं तर. कुरकुर असेल तर इथेच कळेल, पैसे आणि फाइली दोन्ही शाबूत असताना.

मग विंडोजमध्ये परत यायचं आणि तीन गोष्टी बघायच्या. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप बऱ्याचदा आपल्या नकळत लागलेलं असतं. दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. हे चालू असताना विंडोज 'शट डाउन' म्हणतं पण पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं, आणि मग लिनक्स त्या भागात काही लिहायला गेलं की अडवणूक होते. तिसरं, विंडोज यूईएफआय पद्धतीने सुरू होतं की जुन्या लेगसी पद्धतीने ते सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बघा आणि पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करा. दोघांची पद्धत वेगळी झाली तर दोन्ही बिऱ्हाडं एका पाटीवर येत नाहीत.

जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, 'श्रिंक' करून. २५६ जीबीतले साठ-सत्तर जीबी लिनक्सला पुष्कळ झाले. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून सुरू करून 'विंडोजच्या शेजारी घाला' निवडायचं. तो पर्याय दिसला नाही तर थांबायचं, लॅपटॉप बंद करायचा, चहा प्यायचा आणि माहितगाराला फोन करायचा. हे वाक्य मी स्वतःच्या पैशाने शिकलेय.

या सगळ्यात मुलांना शेजारी का बसवायचं? 'कॉम्प्युटर शिकले' म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट शिकले. आपल्यातल्या कित्येकांनी नोकरीसाठी एमएस-सीआयटी केली. मीही केली, उपयोग झाला, नाही म्हणत नाही. पण त्यात माझी समजूत अशी झाली की संगणक म्हणजे विंडोज. टीव्ही म्हणजे एकच चॅनल असं वाटण्यासारखं ते होतं. मुलाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की तेच यंत्र, तीच डिस्क, आणि वरचा कारभारी बदलला की वेगळं घर, तर ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे त्याला व्याख्या पाठ न करता कळतं.

आणि धडे तर आपोआप निघतात. त्या मुलीने डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला, "बाई, बाबांनी २५६ ची घेतली होती, इथे २३८ च दिसतेय. दुकानदाराने फसवलं का?" उत्तम प्रश्न! डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे १०चा नववा घात मोजतो, विंडोज २चा तिसावा घात मोजतं. २५६ अब्ज भागिले १,०७,३७,४१,८२४ करून बघ म्हटलं. तिने कॅल्क्युलेटरवर केलं, २३८ पूर्णांक काही आलं. मग लिनक्समध्ये डिस्क दाखवणारं अॅप उघडलं, तर तिथे २५६! दोन्ही बिऱ्हाडं एकच वाडा वेगळ्या गजाने मोजतात. घातांकाचं प्रकरण मी इतकी वर्षं शिकवते, पण इतकं चपखल उदाहरण मला फळ्यावर कधी सुचलं नव्हतं.

दुसरं उदाहरण घड्याळाचं. दोन्ही प्रणाली घातल्यावर बऱ्याचदा असं होतं की लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ चुकतं. दुपारचे साडेबारा वाजलेत आणि विंडोज दाखवतं सकाळचे सात. पालक घाबरून फोन करतात की लॅपटॉप बिघडला. किती चुकलं ते मोजा: बरोबर साडेपाच तास. लॅपटॉपच्या आतल्या छोट्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ आहे ना? मिर्झापूरवरून जाणारं ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्त, दर अंशाला चार मिनिटं, साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. धडा लॅपटॉपमध्ये सापडला. (लिनक्समध्ये एका ओळीची आज्ञा देऊन हे दुरुस्त होतं. मी मुद्दाम दोन दिवस तसंच ठेवते.)

पालकांचा नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे: "बाई, पुढे सगळीकडे विंडोजच लागणार, मग हे कशाला?" लागणार असेल तर ते आहेच की लॅपटॉपवर, म्हणूनच तर पुसू नका म्हणते. आणि ही कल्पना काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. केरळात सरकारी आणि अनुदानित शाळांमधलं संगणक शिक्षण कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. तिथली काइट ही संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते. तमिळनाडूने २०११ पासून मुलांना मोफत लॅपटॉप वाटले, त्यात सुरुवातीच्या काळात विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्सही असायचं. बॉस म्हणजे आपल्या सी-डॅकचं. सी-डॅक १९८८ साली इथे पुण्यात सुरू झालं, परम महासंगणक इथेच घडला, आणि आपल्या शाळांत मात्र लिनक्स म्हटलं की लोक 'ते इंजिनिअरिंगवाल्यांचं' म्हणतात.

सगळं गुळगुळीत आहे असा दावा मी करणार नाही. माझ्या घरच्या लेझर प्रिंटरने लिनक्सवर मला आठवडाभर रडवलं, शेवटी मी छापण्यासाठी विंडोजमध्येच जाते. वर्डमध्ये केलेला तक्ता लिबरऑफिसमध्ये उघडला की मराठी फॉन्ट बदलल्यामुळे ओळी खाली-वर होतात; बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवावं. मुख्याध्यापकांची डिजिटल स्वाक्षरीची किल्ली मी लिनक्सवर लावायच्या फंदात पडलेले नाही, पडणारही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजचा एक अपडेट असा आला की जगभरात अनेक ड्युअल बूट लॅपटॉपांवर लिनक्स सुरूच होईना. शेजारी म्हटला की अधूनमधून भांडण आलंच. असं झालं तर फाइली कुठे जात नाहीत, फक्त दरवाजा अडतो. पण ते माहीत नसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

म्हणून हेही सांगते की हे कोणी करू नये. ज्यांचा लॅपटॉप विंडोज ११ नीट चालवतो आणि ज्यांना कुतूहल नाही, त्यांनी कशाला खटाटोप करायचा? घरात एकच लॅपटॉप आहे आणि परीक्षा महिन्यावर आलीये, त्यांनीही थांबावं. दहावीच्या वर्षात तर नकोच. नववीची उन्हाळी सुट्टी बरी.

विंडोज १० ठेवायचं, पण कशासाठी, ते घरात ठरवून घ्या. बँकेचं काम, ईमेल, अनोळखी पेन ड्राइव्ह, मुलांचं इंटरनेट हे सगळं लिनक्समध्ये. अपडेट बंद झालेल्या विंडोजला जुनी प्रश्नपत्रिका उघडणं, छापणं, श्री-लिपीत पत्रिका लावणं एवढंच काम, शक्यतो वायफाय बंद ठेवून. ही विभागणी पाळली नाही तर ड्युअल बूटचा अर्धा फायदा गेला. सामाईक फाइली विंडोजच्या डी ड्राइव्हवर ठेवा, कारण लिनक्सला विंडोजचं घर दिसतं, विंडोजला लिनक्सचं सहसा दिसत नाही. मराठी टायपिंगचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट शिका. तो कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे, बोटांना दोनदा शिकवावं लागत नाही. ई-बालभारतीची पुस्तकं पीडीएफ आहेत, ती कुठेही उघडतात. जिओजेब्रा आणि स्टेलेरियमही दोन्हीकडे चालतात.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी फक्त बॅकअप: तिच्या बाबांच्या चौदा वर्षांच्या पत्रिका आणि नोटिसा एका बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या. त्यात त्यांच्या स्वतःच्या धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका निघाली, ती वाचण्यात अर्धा तास गेला. दुसऱ्या रविवारी इन्स्टॉल तिने केलं, मी फक्त शेजारी बसले होते. 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय दिसल्यावर तिने क्लिक करण्याआधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, नक्की?" ती विचारते हे बघून मला बरं वाटलं.

बाबांची आता एकच तक्रार आहे: सुरू करताना दहा सेकंदं ती काळी पाटी येते आणि लक्ष नसलं तर आपोआप लिनक्समध्ये जातं. तिने त्यांच्यासाठी की-बोर्डच्या कडेला चिठ्ठी चिकटवली आहे, 'बाबा: खालचा बाण, मग एंटर'.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेतले दोन जुने डेस्कटॉप असेच करायचे ठरले आहेत, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. परिसरातल्या ज्या शिक्षकांना आणि पालकांना आपापला लॅपटॉप घेऊन बसायचं असेल त्यांनी जरूर यावं, मुलांना घेऊन. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणि चार्जर आणा. बॅकअप घरून घेऊन या; शॉर्टकट नव्हे, फाइली.